आतड्याच्या ऑपरेशननंतर प्रोबायोटिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटाच्या ऑपरेशनच्या वॉर्डात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. डिस्चार्जच्या दिवशी नातेवाइकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. 'जेवायला काय द्यायचं?' आणि 'त्या छोट्या बाटल्या किती दिवस?' पहिल्याचं उत्तर कागदावर लिहून मिळतं. दुसऱ्याचं उत्तर गडबडीत राहून जातं आणि मग घरी पोचल्यावर मेसेज सुरू होतात. पुन्हा पुन्हा आलेले मेसेज इथे एकत्र केलेत. प्रश्नांची भाषा पाठवणाऱ्यांचीच ठेवली आहे.

तुमच्या सर्जननी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. तुमचं पोट आतून त्यांनी पाहिलंय, मी नाही.

१. प्रोबायोटिक म्हणजे औषध की खाण्याची वस्तू?

दोन्ही, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. 'पुरेशा प्रमाणात घेतल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव' अशी व्याख्या संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये ठरवली. वाक्य छोटं आहे, पण अटी तीन आहेत. जंतू जिवंत हवेत, पुरेसे हवेत आणि त्याच जंतूचा फायदा तपासून पाहिलेला हवा.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या मालात साधारण तीन कुळं दिसतात. लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम हे आंबवणारे जिवाणू. बॅसिलस क्लॉसी आणि बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स हे बीजाणूच्या रूपात, म्हणजे कवचात झोपलेले असतात, म्हणून फ्रिजशिवाय टिकतात. तिसरं सॅकॅरोमायसिस बुलार्डी. हा जिवाणूच नाही, यीस्ट आहे. आंरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात इंडोचायनामध्ये लिची आणि मँगोस्टीन या फळांवरून तो मिळवला. यीस्ट आणि जिवाणू यांतला फरक लक्षात ठेवा, प्रश्न ५ आणि १३ मध्ये तो कामाला येईल.

२. ऑपरेशनमध्ये पोटातले चांगले जंतू मरतात म्हणे. खरं आहे का?

बरेच कमी होतात, पण ते सुरीमुळे नाही. आदल्या दिवशी पोट साफ करायला दिलेलं औषध, अँटिबायोटिक, उपाशी राहणं आणि आतडं सुस्त करणारी मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं, या सगळ्यांचा तो एकत्रित परिणाम असतो.

सर्जन लोकही आता याकडे लक्ष देतात. शिकागोच्या संशोधकांनी २०१५ मध्ये उंदरांवर दाखवलं, की एंटेरोकॉकस फेकॅलिस हा आतड्यातलाच एक जंतू आतडं कापून जिथे शिवतात त्या जोडाच्या जागी वाढला तर तिथलं कोलॅजेन, म्हणजे जखम धरून ठेवणारं प्रथिन, तोडतो आणि जोड गळू शकतो. म्हणजे कोणते जंतू मागे उरतात याला महत्त्व आहे. मात्र बाटलीतले जंतू प्यायल्याने जोड गळायचा थांबतो, असं त्यातून सिद्ध होत नाही. जाहिरात आणि विज्ञान यांच्यात नेमकी हीच उडी असते.

बहुतेकांची जंतूंची वसाहत खाणं सुरू झालं की हळूहळू आपोआप उभी राहते. जंतूंनाही जेवण लागतं! पूर्वी वारा सरेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब देत नसत. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात ती पद्धत मोडली. लवकर उठवा, लवकर चालवा, लवकर खायला द्या. लहान आतडं ऑपरेशननंतर काही तासांतच हलायला लागतं, जठर एक-दोन दिवसांत आणि मोठं आतडं दोन-तीन दिवसांत. म्हणून आज दुसऱ्या दिवशी पेज दिली की घाबरू नका, डॉक्टरांनी विसरून दिलेली नसते.

३. फिरवून नका सांगू. प्रोबायोटिकने माणूस लवकर बरा होतो की नाही?

थोडा फायदा होऊ शकतो, पण हमी नाही.

मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनवरच्या अनेक छोट्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर प्रोबायोटिक घेणाऱ्यांमध्ये जखमेचा आणि इतर संसर्ग काहीसा कमी दिसतो. पण प्रत्येक चाचणीत जंतू वेगळे, मात्रा वेगळी, दिवस वेगळे. आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. यातल्या बऱ्याच चाचण्यांमध्ये प्रोबायोटिक ऑपरेशनच्या काही दिवस आधीपासून सुरू होतं. डिस्चार्जनंतर आठव्या दिवशी पहिली कुपी फोडणाऱ्याला तोच फायदा मिळेल, असं त्यावरून म्हणता येत नाही.

उलट बाजूही ऐका. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये २१ निरोगी माणसांना अँटिबायोटिक दिलं. नंतर काहींना ११ प्रकारच्या जंतूंचं प्रोबायोटिक दिलं, काहींना त्यांचेच आधी साठवलेले जंतू परत दिले, काहींना काहीच दिलं नाही. प्रोबायोटिकवाल्यांच्या मूळच्या जंतूंना परत यायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पाहुण्यांनी घर अडवलं म्हणा. अभ्यास छोटा होता आणि ती माणसं ऑपरेशनची नव्हती. तरी 'घेतलं तर बिघडतंय काय?' या वाक्याला तो चांगला लगाम आहे.

सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळण्याचा. तो पुढच्या दोन उत्तरांत येतो.

४. डिस्चार्जच्या कागदावर ५ मिलीच्या कुप्या लिहिल्यात. त्या कशासाठी? गरम पाण्यातून द्यायच्या का?

त्या बहुधा बॅसिलस क्लॉसीच्या असतात. एका कुपीत २०० कोटी बीजाणू. अँटिबायोटिक चालू असताना जुलाब होऊ नयेत किंवा झालेच तर आवरावेत म्हणून लिहितात.

कुपी आधी चांगली हलवा, बीजाणू तळाशी बसलेले असतात. मग तशीच प्या किंवा साध्या पाण्यात, कोमट दुधात मिसळून घ्या. उकळत्या चहात ओतू नका. फोडलेली कुपी लगेच संपवा. आणि ती फक्त तोंडाने घ्यायची! दिसायला अगदी इंजेक्शनच्या पाण्यासारखी असते. घरी नर्स येत असेल किंवा हाताला सुई लावलेली असेल, तर या कुप्या इंजेक्शनच्या डब्यात ठेवू नका.

जाता जाता एक गंमत. या जंतूचं शास्त्रीय आडनाव आता बदललंय. लोणार सरोवरात सापडलेल्या एका नव्या जिवाणूचा अभ्यास करताना पुण्याच्या संशोधकांनी २०२१ मध्ये त्याच्या नातेवाइकांची नवी वर्गवारी केली आणि क्लॉसीला 'शौचेला' या प्रजातीत टाकलं. नाव वाचून हसू येतं, पण ते पुण्याचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ योगेश शौचे यांच्या सन्मानार्थ दिलेलं आहे. पोटाच्या औषधाला याहून चपखल आडनाव शोधूनही सापडलं नसतं.

५. अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिक एकदम घेतलं तर एक दुसऱ्याला मारणार नाही का?

लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडो असतील तर मारू शकतं, म्हणून दोघांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा. बीजाणूवाले बरेच तग धरतात. यीस्टवर जिवाणूंच्या अँटिबायोटिकचा काहीच परिणाम होत नाही, पण बुरशीवरच्या फ्लुकोनॅझोलसारख्या गोळ्या त्याला मारतात. तोंड आलं म्हणून अशी गोळी चालू असेल तर यीस्टवाली कॅप्सूल म्हणजे पैसे पाण्यात.

सुरुवात करायची तर अँटिबायोटिकसोबतच, पहिल्या एक-दोन दिवसांत करावी. कोर्स संपल्यावर सुरू केलं की जुलाब टाळण्याचा मुख्य फायदा निसटतो.

आपल्याकडे अँटिबायोटिकच्या गोळीतच 'एलबी' घातलेली असते. एलबी म्हणजे लॅक्टिक अ‍ॅसिड बॅसिलस, बहुधा बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स. पाकिटावर कधी कधी 'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेन्स' हे त्याचं जुनं, चुकीचं नाव असतं. गोळीत एलबी आहे आणि वर वेगळी कॅप्सूलही लिहून दिली असेल, तर दोन्ही खरंच हव्यात का ते डॉक्टरांना विचारा. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा दुसरी सवयीने लिहिलेली असते.

६. ताक-दही कधीपासून द्यायचं?

पेज आणि मऊ भात पचला, उलटी नाही, पोट फुगलेलं नाही, की पातळ ताकापासून सुरुवात. अर्धी वाटी, साय काढलेलं, किंचित मीठ. मिरची, आलं, हिंग नंतर. दुसऱ्या दिवशी त्रास नसेल तर मऊ भात, मेतकूट आणि दोन चमचे ताजं दही. लहान आतड्याचं ऑपरेशन झालं असेल तर काही आठवडे दुधातली साखर नीट पचत नाही, पोट गुरगुरतं आणि पातळ होतं. दह्यात ती थोडी कमी असते, म्हणून दूध बाधलेल्यालाही दही बऱ्याचदा चालतं. पण चालतं म्हणून वाडगाभर नको.

नाचणीची आंबील आवडत असेल तर पहिले दोन आठवडे गाळून आणि पातळ. कोंडा तेव्हा नको असतो.

७. सासूबाई म्हणतात आंबट खाल्लं की टाके पिकतात, भाताने पू होतो. मग दही कसं देऊ?

टाके दह्याने पिकत नाहीत आणि भातानेही नाहीत. जखमेत पू होतो तो जंतूंमुळे. त्याची शक्यता वाढवतात अनियंत्रित मधुमेह, तंबाखू, कुपोषण आणि आतडं फुटून पोटात घाण पसरल्यावर घाईने करावं लागलेलं ऑपरेशन. पथ्याच्या नावाखाली माणसाला फक्त पेजेवर आणि साबुदाण्याच्या लापशीवर महिनाभर ठेवतात, तेव्हा प्रथिनांअभावी जखम भरत नाही, आणि मग दोष त्या एका चमचा दह्याला! सासूबाईंना दुखवू नका. ताजं, गोडसर दही लावा आणि सोबत मऊ वरण, अंडं किंवा पनीर द्या. दही गोड आहे म्हटल्यावर बहुतेक घरांत तह होतो.

८. घरचं दही पुरतं की विकतची प्रोबायोटिक बाटली आणायची?

काटेकोर बोलायचं तर घरचं दही आंबवलेलं अन्न आहे, प्रोबायोटिक नाही. जंतू त्यात भरपूर असतात, पण कोणते आणि किती हे तुमच्या विरजणावर, हवामानावर आणि शेजारच्या काकूंवर अवलंबून. म्हणून ते वाईट ठरत नाही. प्रथिनं, कॅल्शियम, पचायला हलकं, खिशाला परवडणारं. रोजच्या आहारासाठी मी घरचं दहीच सांगते.

विकतच्या बाटल्यांत ठरावीक जंतू मोजून घातलेले असतात. उदाहरणार्थ, याकुल्टमधला जंतू जपानच्या मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये वेगळा केला. ६५ मिलीच्या बाटलीत तो ६५० कोटींच्या घरात असतो. सोबत साखरही असते, मधुमेहींनी ती हिशोबात धरावी.

दोन ठिकाणी लोक फसतात. खोक्यातलं, फ्रिजबाहेर कित्येक महिने टिकणारं ताक आंबवल्यानंतर पुन्हा तापवलेलं असतं, त्यात जिवंत काही उरत नाही. आणि कढी! कढी पोटाला छान, पण उकळल्यावर तिच्यातले जंतू मेलेले असतात. 'रोज कढी देतो, प्रोबायोटिक म्हणून' असा मेसेज महिन्यातून एकदा तरी येतो.

ज्यांची प्रतिकारशक्ती खूप कमी झाली आहे त्यांनी घरचं दहीही विचारूनच खावं, त्यासाठी प्रश्न १५.

९. पाकिटावर नक्की काय बघायचं? सगळं इंग्रजी आणि शून्यंच शून्यं असतात.

पहिलं, जंतूचं पूर्ण नाव. 'लॅक्टोबॅसिलस' एवढंच लिहिणं म्हणजे पत्त्यावर नुसतं 'पाटील, सांगली' लिहिण्यासारखं आहे. प्रजाती, जाती आणि शेवटी उपजातीचा संकेत हवा, जसं 'ऱ्हॅम्नोसस जीजी'. फायदा उपजातीला चिकटलेला असतो, कुटुंबाला नाही. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलसचं भलंमोठं कुटुंब विभागलं गेलं, त्यामुळे नव्या पाकिटांवर 'लॅक्टिकेसिबॅसिलस' असं काही दिसलं तर जंतू तोच असू शकतो.

दुसरं, आकडा. १ अब्ज म्हणजे १०० कोटी. आपल्याकडे अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोबायोटिकमध्ये रोजच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जंतू असावेत असा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, नियम आहे. आकडा मुदत संपेपर्यंतचा आहे की कारखान्यातून निघतानाचा, तेही बघा.

तिसरं, परवाना. एफएसएसएआयचा क्रमांक असेल तर ती वस्तू अन्न म्हणून विकली जातेय, औषध म्हणून नाही. दोन्ही एकाच फळीवर, एकाच आकाराच्या खोक्यात असतात.

चौथं, सोबत काय घातलंय. फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड किंवा इन्युलिन म्हणजे जंतूंचा खाऊ. नव्याने जोडलेल्या आतड्यात तो गॅस करतो.

१०. चार दिवस झाले, वारा सरत नाही, पोट टम्म आहे. प्रोबायोटिक सुरू करू का?

नाही. आधी डॉक्टरांना फोन.

आतडं रुसलंय, अडकलंय की जोड गळतोय, हे घरबसल्या कळत नाही आणि यातल्या कशावरही प्रोबायोटिक हा इलाज नाही. पोट फुगलंय आणि सोबत उलट्या, वाढतं दुखणं, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, थंडी वाजणं, बसल्या जागी धडधड, लघवी कमी होणं, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका. जोड गळण्याचा धोका पहिल्या आठवड्यात, साधारण पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आसपास जास्त असतो, आणि हल्ली त्याआधीच घरी सोडतात. म्हणून हे उत्तर घरातल्या दोघांनी तरी वाचावं.

दुसऱ्या दिवसाचा साधा फुगारा असेल आणि डॉक्टरांनी पाहिलं असेल, तर घरातल्या घरात चालणं, वेदनाशामकाचा आढावा आणि थोडं थोडं पिणं यानेच काम होतं.

११. जुलाब थांबतच नाहीत. प्रोबायोटिक दुप्पट करू?

आधी जुलाब कशाने होतायत ते शोधू या. कारणं निरनिराळी आहेत आणि त्यातल्या एक-दोनांवरच प्रोबायोटिकचा काही संबंध पोचतो.

अँटिबायोटिकचे साधे जुलाब कोर्स संपल्यावर ओसरतात. तिथे प्रोबायोटिकची मदत होऊ शकते. पण दिवसातून बऱ्याच वेळा पातळ, दुर्गंधी, ताप आणि पोटात कळा असतील तर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूची शंका घ्यावी लागते. त्यासाठी शौचाची तपासणी आणि वेगळं औषध लागतं. तोवर जुलाब बांधणारी गोळी मनाने घेऊ नका, विष आत साचतं.

लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल (उजव्या बाजूच्या ऑपरेशनमध्ये थोडा तरी जातोच), तर पित्ताम्ल, म्हणजे चरबी पचवणारी पित्तातली आम्लं, परत शोषली जात नाहीत. ती मोठ्या आतड्यात उतरतात आणि पिवळसर, जळजळणारे जुलाब होतात, विशेषतः खाल्ल्यावर. यावर कोलेस्टिरॅमिनची पूड चालते. कित्येक जण प्रोबायोटिकच्या चार कंपन्या बदलून झाल्यावर या पुडीपर्यंत पोचतात. तोच भाग ६० सेंटिमीटरहून जास्त काढला असेल तर बी-१२ ची इंजेक्शनं बहुधा जन्मभर लागतात. शाकाहारी माणसाचा साठा मुळातच कमी असतो, त्यांनी तर तपासणी चुकवूच नये.

गुदाशयाचं ऑपरेशन झालं असेल तर साठवायची जागाच लहान झालेली असते. दिवसातून आठ-दहा वेळा, थोडं थोडं, धावत जावं लागणं हे जुलाब नाहीत. त्याला वेळ, इसबगोल, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आणि सर्जनशी मोकळं बोलणं लागतं. लाजून लोक वर्ष काढतात.

आणि एक फसवं कारण. पोटात खाली पू साचला तरी वारंवार चिकट, शेंबडासारखं शौचाला होतं. ताप सोबत असेल तर प्रश्न १० मधला फोन लगेच करा.

१२. आईला पोटावर पिशवी आहे, लहान आतड्याची. पिशवी सारखी भरते. प्रोबायोटिकने घट्ट होईल का?

फारसं नाही. इलिओस्टोमीतून, म्हणजे लहान आतड्याच्या या पिशवीत, जे येतं ते मोठ्या आतड्याआधीचं, म्हणून पातळच असणार. दिवसाला साधारण ५०० मिली ते १ लिटर नेहमीचं. दीड लिटरच्या वर गेलं की शरीरातलं मीठ-पाणी निघून जातंय, असं समजा. मापाचा जुना जग बाथरूममध्ये ठेवा आणि लिहून ठेवा. डॉक्टरांना 'खूप येतं' यापेक्षा '१८०० मिली' जास्त समजतं.

इथे सगळ्यात मोठी चूक प्रेमापोटी होते. तहान लागली म्हणून साधं पाणी, शहाळं, सरबत, चहा देत राहतात. अशा पाण्यात मीठ कमी असतं, ते आतड्यातून आणखी मीठ ओढून बाहेर जातं आणि पिशवी अधिकच भरते. साधं पाणी मर्यादित ठेवा आणि उरलेली तहान ओआरएसवर भागवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी, १ लिटर पाण्यात पूर्ण, अर्धी नाही. मीठ घातलेलं ताक चालतं, पण ते ओआरएसची जागा घेत नाही. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरच ठरवतील. लोपेरामाइड ही जुलाब बांधणारी गोळी कधी आणि किती, हेही त्यांनीच सांगायचं.

पहिले दीड-दोन महिने मक्याचं कणीस, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, मशरूम, फणस, संत्र्याची साल-चोयटी, पालेभाज्यांचे जून दांडे टाळा. यांनी पिशवीचं तोंड तुंबतं. कॅप्सूल अख्खी पिशवीत उतरलेली दिसली तर सॅशे मागा.

मोठ्या आतड्याची पिशवी असेल तर पाण्याची एवढी काळजी नसते. दही-ताकाने वास थोडा कमी होतो असं काही जण सांगतात, आवडत असेल तर जरूर खा.

१३. प्रोबायोटिक अजिबात घेऊ नये असं कोणाला सांगता?

आयसीयूत असलेल्यांना. सेंट्रल लाइन, पिक लाइन किंवा केमोचा पोर्ट, म्हणजे मोठ्या रक्तवाहिनीत ठेवलेली नळी असलेल्यांना, विचारल्याशिवाय. पांढऱ्या पेशी फार उतरलेल्यांना, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांना. आतड्याचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांना किंवा जोड गळालेल्यांना. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना घरच्या निर्णयाने कधीच नाही.

यामागे एक धडा आहे. नेदरलँड्समध्ये तीव्र स्वादुपिंडदाहाच्या अत्यवस्थ रुग्णांना नाकातून आतड्यात घातलेल्या नळीतून प्रोबायोटिक देऊन पाहिलं. संसर्ग कमी होईल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. २००८ मध्ये निकाल आला तेव्हा प्रोबायोटिकच्या गटात १५२ पैकी २४ जण दगावले होते, दुसऱ्या गटात १४४ पैकी ९. प्रोबायोटिक घेतलेल्या ९ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडला होता, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. आजारी आतड्यात 'निरुपद्रवी' जंतूही ओझं होऊ शकतात.

यीस्टच्या बाबतीत आणखी एक खबरदारी. सेंट्रल लाइन असलेल्या माणसाच्या खोलीत ती कॅप्सूल किंवा पुडी फोडूसुद्धा नका. हाताला लागलेली पूड लाइनवाटे रक्तात पोचल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, अगदी शेजारच्या खाटेवरच्या रुग्णांतही.

१४. वडिलांचं बरंचसं लहान आतडं काढावं लागलं. प्रोबायोटिकने पचन सुधारेल असं नातेवाईक सांगतात.

इथे तर सगळ्यात जास्त सांभाळून. आतडं फार आखूड उरलं आणि मोठं आतडं जोडलेलं असेल, तर न पचलेली साखर-पिठं थेट मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले काही जंतू त्यांचं डी-लॅक्टिक आम्ल करतात. ते आपल्या शरीराला लवकर निपटता येत नाही. माणूस अडखळत बोलतो, झोकांड्या खातो, गोंधळतो. दारूला कधी हात न लावलेल्या आजोबांवर घरचेच संशय घेतात! काही लॅक्टोबॅसिलस हेच आम्ल बनवतात, म्हणून प्रोबायोटिकने त्यात भर पडू शकते. गोड किंवा भाताचं भरपेट जेवण झाल्यावर अशी लक्षणं दिसली तर प्रोबायोटिक बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि 'आतडं आखूड आहे' हे वाक्य तिथे पहिलं सांगा. नेहमीच्या लॅक्टेटच्या तपासणीत हे आम्ल दिसत नाही.

१५. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता केमो आहे. चालू ठेवू का?

केमो सुरू होण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना बाटली दाखवा, नुसतं नाव सांगू नका. पोर्ट बसवला असेल किंवा पांढऱ्या पेशी घसरत असतील तर बहुतेक जण बंद करायला सांगतात. पेशी कमी असलेल्या दिवसांत उघड्यावरची लस्सी, हातगाडीवरचं ताक, कच्चं दूध बंद. दह्याबद्दल तुमच्या केंद्राचा नियम पाळा.

१६. मला क्रोन्स आहे, ऑपरेशन झालं. बहिणीला अल्सरेटिव्ह कोलायटिस, तिला पाऊच केलाय. दोघींना एकच प्रोबायोटिक चालेल?

नाही. दोन्ही आतड्याच्या सुजेचेच, पण आजार वेगळे, पुरावेही वेगळे.

क्रोन्समध्ये ऑपरेशननंतर आजार परत येऊ नये म्हणून वेगवेगळी प्रोबायोटिक तपासली गेली, खात्रीचा फायदा दिसला नाही. तुमच्यासाठी डॉक्टरांनी दिलेली औषधं न चुकवणं आणि सिगारेट बंद, हे जास्त मोलाचं.

बहिणीच्या पाऊचला, म्हणजे मोठं आतडं काढल्यावर लहान आतड्याचीच शिवून केलेल्या आतल्या पिशवीला, सूज येण्याचा त्रास वारंवार होत असेल तर गोष्ट वेगळी. इटलीत २००० साली ४० जणांवर झालेल्या चाचणीत आठ जंतूंचं एक मिश्रण घेणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांनाच ९ महिन्यांत सूज पुन्हा आली, न घेणाऱ्यांपैकी सगळ्यांना. अमेरिकेच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० मध्ये पाऊचसाठी हेच मिश्रण सुचवलं, पुरावा कच्चा आहे असं सांगून. मेख अशी, की ते मिश्रण ज्या नावाने प्रसिद्ध झालं, त्या नावाखाली काही देशांत २०१६ पासून वेगळं मिश्रण विकलं जातं. नाव तेच, आतला माल दुसरा. घेण्याआधी डॉक्टरांना उपजाती जुळवून बघायला सांगा.

१७. माझं नुसतं अपेंडिक्सचं, दुर्बिणीतून झालं. नवऱ्याचं मूळव्याधीचं. आम्हाला हे लागू आहे का?

अपेंडिक्स फुटलं नसेल तर अँटिबायोटिकही फार दिवस नसतं, प्रोबायोटिकची गरज सहसा पडत नाही. फुटलेलं असेल तर प्रश्न ५ वाचा. मूळव्याधीला पाणी, तंतुमय खाणं आणि इसबगोल. तिथे अडचण जंतूंची नसून कडक शौचाची असते.

१८. कॅप्सूल जिलेटिनची असते का? आम्हाला चालत नाही.

बऱ्याच कॅप्सूल जिलेटिनच्या असतात. शाकाहारी कॅप्सूलवर हिरवा ठिपका किंवा 'एचपीएमसी' (वनस्पतीपासून केलेलं कवच) लिहिलेलं बघा, नाहीतर सॅशे किंवा कुपी मागा. दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही आधी सांगा, काही जंतू दुधावर वाढवलेले असतात.

१९. सुरू केल्यापासून उलट गॅस वाढलाय. बंद करू? आणि किती दिवस घ्यायचं असतं?

पहिले दोन-तीन दिवस थोडा गॅस होतो. त्यापुढेही राहिला तर बंद करा, काही बिघडत नाही. सोडल्याने 'सवय मोडण्याचा' त्रास होत नाही. तपासा, की पाकिटात जंतूंचा खाऊ आहे का (प्रश्न ९).

अँटिबायोटिकसाठी लिहिलेलं असेल तर कोर्सभर आणि वर एक-दोन आठवडे. त्यापुढे चालू ठेवायला कारण हवं, आणि ते कारण कुणीतरी तुम्हाला एका वाक्यात सांगू शकलं पाहिजे. बाटलीतले जंतू बहुतेक वेळा पोटात कायमचे राहत नाहीत. घेणं थांबलं की काही दिवसांत निघून जातात.

२०. मुलगा न्यू जर्सीहून ५० अब्जवाली मोठी बाटली पाठवतोय. आपल्याकडच्या २ अब्जपेक्षा ती भारीच ना?

आकडा मोठा म्हणून भारी, असं नाही. ज्या जंतूचा ज्या मात्रेत फायदा दिसलाय, तीच मात्रा कामाची. शिवाय अशा बऱ्याच बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या असतात, आणि विमानाच्या पोटातून, मुंबईच्या मे महिन्यातून, कुरिअरच्या गोदामातून तुमच्या घरी येईपर्यंत त्या ५० अब्जांपैकी किती जिवंत आहेत हे लेबल सांगू शकत नाही. मुलाला म्हणावं, त्यापेक्षा रोज संध्याकाळी अर्धा तास व्हिडिओ कॉल कर आणि बाबांना फोन हातात धरून गॅलरीत चालायला लाव.